खिळ्याला टांगलेला कपलर

माझ्या शेडच्या दारात दोन वस्तू टांगलेल्या हायत. एक लिंबू-मिरची, ती सगळ्याच गाडीवाल्यांच्यात असती. दुसरा कपलर. गाडीच्या दिव्याच्या मागं प्लास्टिकचं टोपन बसतं, वायरी त्यातनं येऊन दिव्याला भिडत्यात, त्यो कपलर. ह्यो कवातरी पांढरा हुता. आता एका अंगानं करपलाय आन खाली वघळलाय, मेनबत्ती वघळती तसा. त्याच्या शेपटाला तांबड्या दोऱ्याची गाठ हाय.

काम हुईपतोर मानूस चहा पीत बसतो, वर बगतो आन इचारतोच. परवा हुबळीकडचा एक ट्रकवाला म्हनला, "अक्का, इदु यारदु?" ह्यो कुनाचा? मी म्हनले, "नम्म मैदुनंदु." माझ्या दिराचा. त्यो हसला. हसू दे. त्यासाठीच टांगलाय.

मी मूळची बेळगावातल्या वडगावची. घरात दोन माग. बा आन चुलता मागावर बसायचे, आम्ही पोरी कांड्या भरायचो. शाळा तिसरीपतोर झाली. बाई घरी इचारायला आली तर बा म्हनला, हिची शाळा हितंच हाय. ते खरंच हुतं. आठ वर्साची असताना मला सूत जोडायची गाठ येत हुती. मागावर सूत तुटलं की एका हातानं, न बगता मारायची ती गाठ. बारीक, चपटी. मागाच्या फनीतनं सरकून जाती, साडीवर दिसत न्हाय. गाठ चुकली की फनीत अडकती आन शेजारची चार सुतं घिऊन तुटती, मंग आई मनगटावर हानायची. सूत वळखायलाबी तितंच शिकले. टोक पेटवून बगायचं. सुती असलं तर राख हुती, कागद जळल्यागत वास येतो. नकली रेशीम वितळतं, टोकाला काळा कडक मनी हुतो. व्यापारी फसवायचे म्हनून आमच्यात शेंबड्या पोराला पन हे ठावं असायचं.

लगीन होऊन निपानीत आले. मालकांचं हायवेला गाड्यांच्या वायरिंगचं दुकान हुतं. मी दुपारचा डबा घिऊन जायचे, तर म्हनायचे, जरा टॉर्च धर. टॉर्च धरता धरता मला कळाय लागलं. वायरीला काळी टेप गुंडाळायचे. इंजिनच्या गरमीनं टेपचा डिंक सुटायचा, सगळं चिकट हुयाचं, वायर लोंबाय लागायची. मी म्हनले, "टेप कशाला? म्हायेराला एवढं सूत उरतंय. मेन चोळून बांधूया की."

"येडी हायस का गं? गाडी हाय ही, साडी न्हवं."

"बांधून तर बगा."

तांबड्या सुताचं रीळ हुतं, तेच आनलं. दर चार बोटांवर एक गाठ. वरीसभरानं ती जीप परत आली, तर गाठी जशाच्या तशा. मालकांनी एकएक गाठ वडून बगितली. दुसऱ्या दिवशी म्हनले, रीळ आन. तवापासनं दुकानाची वळख ती झाली. पाटी कोन वाचतंय? चिकोडीचा मानूस संकेश्वरच्या मानसाला सांगायचा, तांबड्या दोऱ्याच्या दुकानात जा. वायरीच्या टोकाला पितळेचा लग बसवायची मालकांची एक पकड हुती, तिच्या मुठीलाबी मी त्योच दोरा गुंडाळला, हात सटकू नये म्हनून. लग दाबायला, सोल्डरचा डाग द्यायला मला मालकांनीच शिकीवलं. माझा धाकटा दीरबी त्यांच्याच हाताखाली शिकला. हाताला जड आन तोंडाला गोड.

मालक एक दिवस छातीत दुखतंय म्हनून दुकानातल्या बाकड्यावर बसले, ते तसेच गेले. तेरावा झाला. चौदाव्या दिवशी मी दुकानात गेले तर कुलूप नवं. दीर समोरच्या हाटेलापाशी चार मानसांत उभा हुता. तितनंच म्हनला, "वहिनी, बाईनं बॉनेटात डोकं घालनं बरं दिसत न्हाय. गिऱ्हाईक हसतंय. तुम्ही घरात बसा, मी हाय की."

मी म्हनले, "बरं. ह्यांची पकड तेवढी द्या."

"पकड दुकानाची हाय, वहिनी."

ती चार मानसं खाली बगत हुती. मी घरी आले.

म्हनला, मी हाय की. कुटं हुता त्यो? मी तंबाखूच्या वखारीत गेले. आठ वर्सं पाला निवडला. तितली धूळ नाकातनं घशात, घशातनं छातीत जाती आन मुक्कामाला ऱ्हाती. रात सरली तरी खोकला सरत नसायचा. रडले न्हाय. रडून खोकला वाढतो. आठ वर्सांनी चिकोडी रोडला पंक्चरवाल्याच्या शेजारी पत्र्याची शेड मिळाली, तितं बसले. पयल्या म्हयन्यात बाई बगून गाड्या फुडं जायच्या. मंग जुन्या गिऱ्हाइकांनी गाठ वळखली आन यायला लागले.

तवाच मला कळलं, दीरबी तांबडा दोरा बांधतोय. माझ्यामागं आठ वर्सं माझ्याच दोऱ्यावर त्याचं दुकान चाललं हुतं. मी गप बसले. मागावरची बाई हाय मी. ताना भरायला कैक दिवस लागत्यात, हे मला ठावं हाय.

आन मंग गेल्या उसाच्या हंगामात, सकाळच्या पारी, एक गाडी आली. फुडचा बंपर एका बाजूनं फुटलेला. चाळिशीचा मानूस उतरला, दार आपटलं.

"तांबड्या दोऱ्याची बाई तूच का?"

"मीच. काय झालं?"

"काय झालं म्हनून इचारतीस? मान्सं मारायचा धंदा करतीस काय?"

गाडीतनं आवाज आला, "हळू बोल रं. माझ्याएवढी हाय ती." मागच्या शिटावर त्याची आई बसली हुती. डाव्या हाताला प्लास्टर, गळ्यात झोळी.

त्यांनी सांगितलं ते असं. मूळचे खानापूरकडचे, शेतीवाले. आता नोकरीपायी अनगोळला घर. समोरनं येनाऱ्या गाड्यांच्या पांढऱ्या दिव्यांनी डोळं दिपत्यात, म्हनून त्यानं निपानीत माझ्या दिराच्या दुकानात मोठे दिवे बसवून घेतले. म्हयना बी झाला नव्हता. तवंदी घाट उतरताना दोन्ही दिवे एकदम गेले. कठड्याला गाडी घासली आन म्हातारीचं मनगट मोडलं.

म्हातारी म्हनली, "मीच ह्याला म्हनलं हुतं, तांबड्या दोऱ्याच्या दुकानात जा. ह्याच्या बानं ट्रॅक्टरचं वायरिंग तितंच केलं हुतं. आजून चालतंय ते."

त्यो ट्रॅक्टर मला आठवला. निळा हुता. ते सगळं दोन दिवस बसून मी बांधलं हुतं.

"मंग दुकानात जाऊन भांडायचं सोडून हिकडं कसं आलासा?"

"गेलतो की काल. दुकानवालाच म्हनला, वायरी बांधायचं काम मी वहिनीकडनं करून घेतो, चिकोडी रोडला बसती, दोरा तिचाच, चूक तिचीच. जावा आन तिलाच इचारा म्हनला."

"असं म्हनले भावजी?"

"व्हय."

माझं हात गार पडलं. रागानं हात गार पडत्यात माझं. बॉनेट उघडलं. एका दिव्याचा कपलर वितळून दिव्याला चिकटला हुता, आतल्या वायरी भिडून फ्यूज उडालेला, म्हनून दोन्ही दिवे एकदम गेले. वायर बारकी, कंपनीतनं आलेली, तशीच. हिच्यावर दुप्पट ताकदीचा दिवा लावलेला. एका बारीक सुतानं दोन माग वडल्यागत. भार जुन्या वायरीवर येऊ नये म्हनून रिले बसवायचा असतो, बॅटरीपासनं जाड वायर आनायची असती, तसलं काय न्हाय. वर लग सैल. सैल लग तापतोच. आन शेपटाला तांबडा दोरा. मी चष्मा पुसून बगितला. गरमी पोचली हुती तितं दोऱ्याच्या टोकाला काळा मनी झालेला. गाठ शेळी बांधायची.

"ह्ये काम माझं न्हाय," मी म्हनले.

"सगळेच असं म्हनत्यात."

"बसा. चहा घ्या."

चहा पाजला. हितंच दुरुस्त करून दिलं असतं तर माझी चूक मीच निस्तरली असं झालं असतं. मी पिशवीत जाड वायर, रिले, फ्यूज, चिनीमातीचे कपलर, दोऱ्याचं रीळ आन काड्यापेटी घातली. म्हनले, "चला."

"कुटं?"

"दुरुस्तीला. पन हितं न्हाय."

म्हातारीनं सरकून माझ्यासाठी जागा केली. वाटंत तिनं एकदाच इचारलं, "तुझा सख्खा दीर?" मी म्हनले, सख्खा. ती म्हनली, "सख्खेच असत्यात."

निपानीत दुकानासमोर गाडी थांबली तवा दीर काउंटरवर मोबाइल बगत बसला हुता. आत एक-दोन गिऱ्हाइकं, समोर हाटेलात आठ-धा मानसं. बारा वर्सांनी मी त्या पायरीवर पाय ठेवला.

"या या, वहिनी! आज कुनीकडं सूर्य उगावला?"

"तुमच्याच दारात उगावलाय. भावजी, ह्या गाडीचं वायरिंग मी बांधलं म्हनं?"

त्यानं त्या मानसाकडं बगितलं, म्हातारीच्या प्लास्टरकडं बगितलं. "आता कसं हाय वहिनी, इतक्या गाड्या येत्यात. दोरा तर तुमचाच दिसतोय."

मी बॉनेट उघडून कपलरच्या शेपटातनं दोऱ्याचा तुकडा कापला. काडी वडली. हाटेलातली मानसं उठून आली. तुकडा वितळला, आवळला, टोकाला मनी झाला. म्हातारीच्या चांगल्या हाताच्या तळव्यावर मी त्यो गार करून ठेवला. मंग माझ्या रिळातला तुकडा पेटवला. पेटला, राख झाली.

"वास घ्या."

म्हातारीनं घेतला. "कागदागत."

"मी सुती दोरा बांधते. ह्यो साडीचा नकली रेशमाचा हाय. रंग बगून आनलाय कुनीतरी."

दीर हसला. "दोऱ्यानं काय हुतंय वहिनी? दोऱ्यानं दिवा जळतो व्हय?"

"न्हाय जळत. पन बांधला कुनी ते कळतंय." मी रीळ त्याच्यापुढं काउंटरवर ठेवलं. "घ्या. बांधा गाठ. माझ्यागत एका हातानं. तुमी म्हनता न्हवं, दोऱ्यानं काय हुतंय? जमली तर ह्या सगळ्यांसमोर म्हनते, चूक माझी. उद्यापासनं शेडला कुलूप."

माझ्याजवळ त्या शेडबिगर काय न्हाय. ते त्यालाबी ठावं हुतं, म्हनूनच त्यानं दोरा हातात घेतला. मोठ्या भावाच्या शेजारी बसून धा वर्सं माझ्या बोटांकडं बगितलेला मानूस. त्याला वाटलं आसंल, जमंल. पयल्यांदा दोरा निसटला. दुसऱ्यांदा दोन बोटं त्यातच गुतली. तिसऱ्या टायमाला दुसरा हात घालाय लागला.

"एका हातानं," म्हातारी म्हनली. "माझापन एकच हात हाय सध्या. तुझ्यामुळं."

हाटेलातला एकजन म्हनला, "अण्णा, बूट बांधताना कोन येतंय तुमच्याकडं?" लोक हसले. गिऱ्हाईक हसतंय.

"बीपी हाय मला," दीर म्हनला. "हात थरथरतोय."

मी डाव्या हातानं, त्याच्याकडं बगत, गाठ मारली आन त्याच्यापुढं ठेवली. मंग दुसरी. मंग तिसरी. तिसरीची गरज नव्हती.

"आता टॉर्च आन रं," मी म्हनले. लगीन झाल्यापासनं त्याला कवा एकेरी बोलले नव्हते.

दीर उठला न्हाय. गाडीवाला फुडं झाला. "उठा. न्हायतर आईचा हात घिऊन पोलीस ठान्यात जातो मी."

मंग उठला.

त्याच्याच पायरीसमोर गाडी लावून मी काम केलं. पयला बॅटरीची अर्थिंगची वायर काढली. जळका कपलर कापला. आतलं तांबं काळं पडलं हुतं. काळ्या तांब्याला डाग धरत न्हाय, म्हनून लकाकी दिसेपतोर वायर मागं मागं कापत गेले. भर दुपारी पन बॉनेटात अंधारच असतो. दीर टॉर्च धरून वाकला हुता. टॉर्च खाली जायचा.

"वर धर."

थोड्या येळानं परत.

"वर. माझ्या हातावर, डोळ्यावर न्हवं."

हेच मालक मला म्हनायचे, ते मायेनं म्हनायचे. मी मायेनं म्हनले न्हाय.

लग दाबायची येळ आली तवा म्हनले, "पकड आन." त्यानं नवी आनली, लाल प्लास्टिकच्या मुठीची. "ही न्हवं." त्यो आत गेला. लई येळ लावला. मंग ड्रॉवरच्या तळातनं मालकांची पकड आनली. मुठीवरचा माझा दोरा मळून काळा झालता, पन सुटला नव्हता. हातात घेतली तवा काय वाटलं ते मी सांगनार न्हाय.

बॅटरीपासनं जाड वायर आनली. बॅटरीच्या जवळच फ्यूज, मंग रिले. गाडीच्या जुन्या वायरीला आता नुसतं रिलेला सांगायचं काम, दिव्याचा भार तिच्यावर न्हाय. चिनीमातीचे कपलर लावले, ते वितळत न्हाईत. एकएक लग दाबला, डाग दिला आन वडून बगितला. मालक म्हनायचे, आपन वडायचं, न्हायतर रस्ता वडतो. मंग दर चार बोटांवर दोरा.

दिवे लावले, इंजिन चालू ठेवलं. सगळी उभीच हुती. हाटेलवाल्यानं चहा पाठवला, मी घेतला न्हाय. बारा वर्सांमागं त्योबी त्या चार मानसांत हुता. अर्धा तास गेला तवा मी दिराला म्हनले, "कपलरला हात लाव."

त्यानं लावला.

"कसा हाय?"

"बरा हाय."

"गरम का गार?"

"गार."

"मोठ्यानं सांग. म्हातारीला ऐकू कमी येतंय."

म्हातारीला चांगलं ऐकू येत हुतं. तिनं कानामागं हात धरला. "गार हाय," दीर मोठ्यानं म्हनला. रस्त्याच्या पल्याडची मानसं वळून बगाय लागली.

मी मालकांची पकड माझ्या पिशवीत टाकली. त्यो बगत हुता. गाडीवाल्यानं वितळलेला कपलर उचलून गटारीत टाकाय हात उगारला, तर मी म्हनले, "टाकू नगा. मला द्या."

त्याच दिवशी खिळा ठोकला.

दोन म्हयन्यांनी माझी जाऊ आली. त्याची बायको. शेडच्या भाईर उभी ऱ्हायली, वर बगंना. म्हनली, "आक्का, तेवढं ते खाली काढ गं. जाता येता लोक बगत्यात. आमच्यात गाड्या येनं कमी झाल्यात. त्ये रातचं जेवत न्हाईत."

"मी आठ वर्सं खोकत जेवले. तवा आलीस का बगाय?"

"मी काय करनार आक्का? त्यांच्या फुडं माझं काय चालतंय?"

"काय चालत न्हाय. म्हनून तुला चहा देते. बस."

ती बसली, चहा प्याली. उठताना म्हनली, "त्यांनी दोरा बांधायचा सोडला. आता काळी टेपच मारत्यात."

"कळलंय मला. म्हनून तर माझ्या दारात हाय. न्हायतर त्याच्या दारात टांगला असता."

ती गेली. मला तिचं वाईट वाटलं, पन तेवढंच. लोक सांगत्यात, आक्का, आता वय झालं, सोडून द्या. त्यांना काय सांगू? ह्या छातीतली धूळ मला सोडती व्हय?

गाडीवाल्याच्या म्हातारीचा हात बरा झाला. जरा वाकडा बसलाय. एकदा गाडी दाखवायला आले तवा तिनं त्याच हातानं कपलर हालवून बगितला आन म्हनली, "धूळ बसली गं ह्याच्यावर."

खरं हुतं. तवापासनं दर आवसंला, लिंबू-मिरची बदलायला स्टूल घेते तवा फडकंबी घेते. पयला कपलर पुसते. वितळलेली बाजू रस्त्याकडं करते. मंग लिंबू बांधते, तांबड्या सुती दोऱ्यानं, एका हातानं.